पत्र दोघांचं, परवानगी एकाची

एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये ज्यांनी पहिल्यांदा कॉम्प्युटर हाताळला, त्यांना 'नॉर्टन' हे नाव आठवत असेल. अँटिव्हायरस, पिवळा लोगो, आणि अधूनमधून मध्येच उगवणारी 'सबस्क्रिप्शन संपलंय' अशी खिडकी. नॉर्टन हा खराखुरा माणूस आहे, हे मला इंजिनिअरिंगला जाईपर्यंत माहीत नव्हतं. पीटर नॉर्टन, अमेरिकन प्रोग्रामर. १९९० मध्ये त्याने आपली कंपनी सिमँटेकला विकली आणि पुढे कलावस्तू जमवण्यात रमला. १९९९ मध्ये त्याने केलेली एक खरेदी मला त्याच्या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त आवडते. आजचा विषय तिथूनच सुरू करतो.

जून १९९९, न्यूयॉर्क. सदबीज या लिलाव कंपनीकडे १४ पत्रं विकायला आली होती. लिहिणारा जे. डी. सॅलिंजर, 'द कॅचर इन द राय' या कादंबरीचा लेखक. प्रसिद्ध झाल्यावर हा माणूस एका लहान गावात जाऊन राहिला आणि लोकांना भेटणंच त्याने जवळजवळ बंद केलं. पत्रं १९७२-७३ मधली होती, जॉइस मेनार्ड या मुलीला लिहिलेली. तेव्हा ती १८ वर्षांची, तो ५३ वर्षांचा. पुढे ती स्वतः लेखिका झाली, आणि मुलांच्या कॉलेजच्या खर्चासाठी पैसे हवेत म्हणून तिने ती पत्रं विकायला काढली. नॉर्टनने ती १ लाख ५६ हजार ५०० डॉलर देऊन घेतली आणि सांगितलं की सॅलिंजरला हवी असतील तर मी ती त्यालाच परत देईन.

मेनार्डला यात खलनायिका ठरवणं सोपं आहे. तेव्हा बऱ्याच जणांनी ठरवलंही. मला ते पटत नाही. अठराव्या वर्षी एका पन्नाशीच्या नामवंत माणसाने पत्रं लिहून लिहून आपल्याला जवळ ओढलं, ही तिच्याही आयुष्याची गोष्ट आहे आणि ती सांगायचा तिला पूर्ण हक्क आहे. पण आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणं आणि दुसऱ्याने फक्त आपल्यासाठी लिहिलेले शब्द विकणं, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात. नेमकं वेगळं काय, ते कायद्याने फार पूर्वीच शोधून ठेवलंय.

कागद एकाचा, शब्द दुसऱ्याचे

१७४१ साली लंडनमध्ये एक खटला झाला. अलेक्झांडर पोप हा त्या काळातला मोठा कवी. एडमंड कर्ल नावाच्या प्रकाशकाने पोपची खासगी पत्रं छापून विकली. कर्लचं म्हणणं असं की पत्र एकदा पाठवलं की ते मिळालेल्या माणसाचं झालं, भेटवस्तूसारखं. लॉर्ड हार्डविक या न्यायाधीशांनी ते मान्य केलं नाही. ज्याला पत्र मिळतं त्याचा हक्क फार तर त्या कागदावर असतो, ते छापून विकायचा परवाना त्याला मिळत नाही, असा निकाल त्यांनी दिला. (या प्रकरणातली गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वी याच पोपने आपली पत्रं गुपचूप कर्लच्याच हाती पडतील अशी व्यवस्था केली होती. कर्लने ती छापली, आणि मग पोपला स्वतःची 'अधिकृत' आवृत्ती काढायला निमित्त मिळालं. मार्केटिंग तेव्हाही होतं.)

हाच नियम आजपर्यंत चालत आलाय. सॅलिंजरची पत्रं एका चरित्रकाराने पुस्तकात वापरली तेव्हा १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने ते थांबवलं. म्हणजे नॉर्टनने दीड लाख डॉलर मोजून विकत घेतला तो फक्त कागद. त्यातली वाक्यं छापायचा हक्क सॅलिंजरकडेच राहिला. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही लिहिणारा हाच पहिला मालक असतो, मजकूर छापलेला असो वा नसो. तुमच्या मामाने तुम्हाला लिहिलेलं पत्र तुमच्या कपाटात असतं, पण त्यातला मजकूर मामाचाच.

थोडक्यात, पत्राला कायम दोन माणसं असतात. आणि ईमेल, एसएमएस, चॅट आल्यावर याच ठिकाणी सगळा घोळ झाला.

मधला माणूस

माझी आजी चिपळूणजवळच्या एका वाडीत राहायची. आजोबा मुंबईत गिरणीत. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तिच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असायची. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्या चार ओळी पोस्टमन वाचून दाखवायचा. कोणाचा मुलगा आजारी आहे, कोणी पैसे कमी पाठवलेत, कोणाच्या घरी भांडण आहे, हे सगळं त्या एका माणसाला ठाऊक असायचं. वाडीतल्या सावकाराला ही माहिती सोन्यासारखी होती. पोस्टमनने ती विकली असती तर पुन्हा कोणी त्याच्याकडून पत्र वाचून घेतलं नसतं. शिवाय १८९८ च्या जुन्या पोस्ट कायद्यात कर्तव्याविरुद्ध जाऊन पत्र उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती.

ईमेलमध्ये हा मधला माणूस म्हणजे सर्व्हर. त्याला पत्र उघडावंच लागतं, नाहीतर स्पॅम ओळखणार कसा आणि सर्च चालणार कसं? १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं तेव्हा १ जीबी जागा फुकट मिळणार म्हणून लोक वेडे झाले. त्यासोबत एक अट होती. मेलमधला मजकूर मशीन वाचणार आणि त्यानुसार बाजूला जाहिरात दाखवणार. 'वाचणारा माणूस नाही, प्रोग्राम आहे,' असं गुगलचं उत्तर होतं. जाहिरातींसाठी मेल वाचणं थांबवू, असं त्यांनी जाहीर केलं ते जून २०१७ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली.

एक गोष्ट तेव्हाही लोकांनी बोलून दाखवली होती. जीमेल वापरणाऱ्याने अटी मान्य केल्या, ठीक. पण याहूवरून त्याला मेल पाठवणाऱ्याने गुगलच्या कुठल्याच अटी मान्य केल्या नव्हत्या. त्याचेही शब्द वाचले जात होतेच.

तरी जीमेलने मेल कोणाला विकले नाहीत, हे लक्षात ठेवा. विकण्याचा धंदा दुसऱ्यांनी केला. अनरोल.मी नावाची एक सेवा होती. नको असलेले प्रमोशनल मेल एका क्लिकवर बंद करून द्यायची, तेही फुकट. त्यासाठी तुमच्या इनबॉक्सची परवानगी मागायची. तिची मालकी स्लाइस नावाच्या कंपनीकडे होती आणि स्लाइसचा खरा धंदा होता इनबॉक्समधल्या पावत्या वाचून बाजाराची आकडेवारी विकणं. एप्रिल २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की उबरने स्लाइसकडून माहिती विकत घेतली होती. लोकांच्या मेलमध्ये आलेल्या लिफ्टच्या पावत्या मोजून, नावं काढून, प्रतिस्पर्ध्याचा धंदा किती चाललाय ते उबर बघत होती.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढे २०१९ मध्ये अनरोल.मीवर कारवाई केली. परवानगी द्यायला कचरणाऱ्या लोकांना 'तुमच्या खासगी मेलला आम्ही हात लावत नाही' अशा अर्थाचे मेसेज दाखवले गेले होते आणि त्यावर विश्वास ठेवून हजारो लोकांनी परवानगी दिली होती, असं कमिशनचं म्हणणं होतं.

हे मला माहीत आहे, कारण मी ते केलंय

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होती. नाव सांगत नाही, आणि सांगून फारसा उपयोगही नाही, कारण असं करणारी ती एकटी नव्हती. आमचं ॲप तुमचा महिन्याचा खर्च दाखवायचं. जीमेल जोडा, आम्ही पावत्या वाचून सांगू की जेवणावर किती गेले, कॅबवर किती. युजरला फुकट. पैसे कुठून यायचे? हजारो युजरचा खर्च एकत्र करून, नावं काढून, त्याचे रिपोर्ट ब्रँडना विकले जायचे.

माझं काम पार्सर लिहायचं. पार्सर म्हणजे काय, तर मेल आला की तो ठरावीक साच्यातला आहे का बघायचं, आणि असेल तर त्यातून दुकानाचं नाव, तारीख, रक्कम बाहेर काढायची. मोठ्या कंपन्यांच्या पावत्यांचा साचा पक्का असतो, त्या सोप्या. त्रास होतो छोट्या दुकानांचा, दवाखान्यांचा, क्लासेसचा. त्यासाठी मी एक सैल फिल्टर लावला होता. मेलमध्ये 'बिल' हा शब्द आणि रुपयांतला एखादा आकडा असेल तर उचल. मग असे उचललेले मेल उघडून, माझ्या डोळ्यांनी वाचून, पार्सर कुठे चुकला ते बघायचं. पार्सर असेच सुधारतात. 'फक्त मशीन वाचतं' हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं ते यामुळेच. मशीन वाचायला शिकेपर्यंत कोणीतरी माणूस वाचत असतो. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं होतं की रिटर्न पाथ नावाच्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी लोकांचे सुमारे ८ हजार मेल वाचले. ते वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

एका दुपारी त्या यादीत एक मेल आला. मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. बहिणीने भावाला पाठवलेला. वडिलांचं हॉस्पिटलचं बिल इतकं झालंय, त्यातले इतके मी भरलेत, बाकीचे तू कधी पाठवशील. खाली आणखी तीन-चार परिच्छेद होते, पैशांबद्दल नव्हते. ते मी इथे सांगणार नाही. पण मी ते पूर्ण वाचले, शेवटपर्यंत. थांबायला हवं होतं, थांबलो नाही.

टीम लीडला विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, 'अरे, युजरने परवानगी दिलीय ना? लॉगमध्ये टाइमस्टॅम्पसकट आहे.' आणि ते खरंच होतं. भावाने परवानगी दिली होती. पत्र लिहिलं होतं बहिणीने. तिला आमच्या कंपनीचं नावही माहीत नसणार.

यानंतरचा भाग सांगायला जास्त जड जातो. मी फिल्टर घट्ट केला, तेवढं बरं केलं. पण तो मेल पार्सरला फसवणारा उत्तम नमुना होता. बिल हा शब्द, दोन वेगवेगळे आकडे, आणि तरीही पावती नाही. म्हणून नावं बदलून मी तो टेस्ट केस म्हणून ठेवून दिला. त्या फाइलला नाव मीच दिलं होतं. पुढची दीड वर्षं कोडमध्ये काहीही बदल झाला की तो मेल पुन्हा चालायचा आणि हिरवी खूण यायची. माझा पार्सर चांगला झाला, त्यावर मला पगारवाढ मिळाली. कंपनी सोडताना ती फाइल मी काढली नाही. लक्षातच आलं नाही.

'नावं काढली होती ना?' असं मित्र म्हणतात. काढली होती. एकत्र केलेल्या आकड्यांमधून त्या बहिणीला कोणी ओळखणार नाही, हेही खरं. कॅबच्या पावतीबद्दल मी हा युक्तिवाद बऱ्यापैकी मान्य करतो, कारण ती मशीननेच पाठवलेली असते. पण तिचं पत्र आणि कॅबची पावती एकाच दारातून आत आली होती, आणि ते दार उघडणाऱ्याला दोन्हींमधला फरक कळत नव्हता.

एन्रॉनची पाच लाख पत्रं

एन्रॉन हे नाव कोकणात कोणाला सांगायला नको. गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प, त्यावरचं आंदोलन, महाग विजेचा वाद. २००१ मध्ये ही कंपनी अमेरिकेत बुडाली. चौकशी करणाऱ्या तिथल्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनने पुरावा म्हणून कंपनीचे मेल ताब्यात घेतले आणि २००३ मध्ये सरळ इंटरनेटवर टाकले. संशोधकांनी साफसूफ करून त्याचा जो संच बनवला त्यात सुमारे १५० कर्मचाऱ्यांच्या मेलबॉक्समधले जवळपास ५ लाख मेल आहेत. दाभोळबद्दलचे मेलही त्यात सापडतात.

कॉम्प्युटर सायन्सला हे घबाड होतं, कारण खऱ्या माणसांचे खरे मेल इतक्या संख्येने दुसरीकडे कुठे मिळणार? स्पॅम फिल्टर, मेलचं आपोआप वर्गीकरण, कोण कोणाशी बोलतं याचे नकाशे, असं बरंच संशोधन त्यावर झालं. २०२० मध्ये भाषा-मॉडेल शिकवण्यासाठी 'द पाइल' नावाचा मजकुराचा मोठा संच तयार झाला, त्यातही हे मेल आहेत. मीही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हाच संच वापरला होता आणि मार्क चांगले मिळाले होते.

त्या १५० जणांतले बहुतेक कुठल्या गुन्ह्यात नव्हते. आणि मेल काही फक्त त्यांचे नाहीत. त्यांना मेल पाठवणारे नवरे, बायका, मित्र, आया त्यात आहेत. संध्याकाळी काय आणायचं, घटस्फोटाचं काय झालं. सार्वजनिक हितासाठी कंपनीचा कारभार उघड करणं मला योग्यच वाटतं. पण वीजघोटाळ्याच्या चौकशीत कोणाच्या आईच्या पत्राचं काय काम? नंतर काही जणांच्या विनंतीवरून काही मेल काढले गेले. तोवर प्रती जगभर गेल्या होत्या.

आता तुमचा फोन

इथपर्यंत सगळं कंपन्यांबद्दल झालं. पण हल्ली दार बहुतेक वेळा आपणच उघडतो.

व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मधल्या माणसाला वाचता येत नाहीत. टोकाला असलेल्याला मात्र वाचता येतात, आणि टोकाला आपण असतो. 'एक्स्पोर्ट चॅट' दाबलं की अख्खं संभाषण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर येतं. 'तुमच्या नात्याचा स्कोअर काढा' असं सांगणारी ॲप्स हीच फाइल मागतात. त्यातले निम्मे शब्द तुमचे नसतात. 'हिला नक्की काय म्हणायचंय?' असं विचारत एखाद्या एआय चॅटबॉटमध्ये तिचे मेसेज पेस्ट करतानाही तेच होतं. मी स्वतः हे केलंय, म्हणून उपदेश करत नाही. आता निदान नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढतो, आणि चॅट ट्रेनिंगसाठी वापरू द्यायचं सेटिंग बंद आहे ना ते बघतो.

स्क्रीनशॉट छापणारी पेजेस तर कर्लचा धंदाच करतात. कोणाचं तरी ब्रेकअपचं चॅट, नाव ब्लर, वर एक हसणारा इमोजी, आणि खाली कुठल्यातरी ॲपची जाहिरात. पाठवणारा फुकटात पाठवतो, पेज कमावतं, आणि जिने ते रात्री दोन वाजता टाइप केलं ती कमेंट वाचत बसते.

सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी आजच बघा. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटी विभागात तुमच्या खात्याला जोडलेल्या ॲप्सची यादी असते. त्यात 'तुमचे मेल वाचणे' अशी परवानगी असलेलं काही दिसलं आणि ते वापरत नसाल, तर काढा. (२०१८ नंतर गुगलने नियम कडक केलेत. मेलमधली माहिती विकायला आता बंदी आहे. पण आधी दिलेली, विसरलेली परवानगी तपासायला काय जातं?) फोनच्या परमिशनमध्ये एसएमएस वाचणारी ॲप्स कोणती तेही बघा. आणि व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' नावाचं सेटिंग २०२५ मध्ये आलंय. ते चालू केलं की समोरच्याला ते चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही. स्क्रीनशॉट तरी काढता येतोच, पण पत्राला दोन माणसं असतात हे मानणारं हे सेटिंग आहे, म्हणून मला आवडतं.

कायद्याचं विचाराल तर आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. त्यात आपली माहिती खोडून मागायचा हक्क दिलाय. पण तो कसा दिलाय ते बघा: ज्या माहितीसाठी तुम्ही आधी संमती दिली, ती खोडायला सांगू शकता. म्हणजे त्या भावाला आमच्या कंपनीला सांगता येईल की माझं सगळं पुसा. बहिणीने संमती दिलीच नव्हती. तिने कोणत्या कंपनीला, कशाच्या आधारावर लिहायचं?

हा लेख लिहायला घेण्याआधी मी त्या जुन्या टीम लीडला फोन केला. ॲप बंद होऊन दोन वर्षं झालीत, कोड दुसऱ्या एका कंपनीने घेतलाय. टेस्टच्या फाइल सोबत गेल्या का, म्हटलं. तो म्हणाला, 'गेल्या असतील रे, सगळं रिपॉझिटरीसकटच दिलं होतं.' त्या कंपनीला मी मेल टाकलाय, फाइलच्या नावासकट. अजून उत्तर आलेलं नाही.